पलंगाची भिंतीकडची बाजू

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या आजींना सांभाळायला ज्या मावशी येतात, त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या की चेहऱ्याकडे नंतर बघतात, आधी पाठीकडे. एकदा तर त्यांनी सरळ विचारलं, "काय काका, पाठ बरी आहे ना? लाल नाही ना झाली कुठे?" लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी हलक्या आवाजात बोलत होते आणि जिन्यात मला आधी वाट देत होते.

माझी पाठ ठणठणीत आहे. मावशी विचारतात, कारण त्यांनी मला अंथरुणाला खिळलेलं पाहिलंय. त्यांच्या प्रशिक्षणात, मोबाइलवर. आमच्या भागातल्या कितीतरी रुग्णसेविकांचा मी पहिला पेशंट आहे. हा मान मला कसा मिळाला, ते सांगायला बसलोय. पण त्याआधी माझा धंदा सांगावा लागेल, कारण तो माझ्या घरातही कुणाला नीटसा ठाऊक नाही. बायको स्मिता पाहुण्यांना सांगते, "हे शिक्षणक्षेत्रात असतात." आई गावाकडच्या माणसांना फोनवर सांगते, "माझो झील कम्पुटरात गजाली घालता." गजाली म्हणजे गप्पागोष्टी, तेव्हा दोघींत आईचं उत्तर जास्त बरोबर आहे.

मी डिजिटल गोष्टी बनवतो. म्हणजे काहीतरी शिकवायचं असतं, ओटीपी कुणाला देऊ नये, गॅसची नळी कधी बदलावी, असलं काहीतरी, आणि ते चित्र आणि आवाज जोडून मोबाइलवर दिसेल अशा छोट्या गोष्टीत बसवायचं. विक्रोळीला एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. खाली स्क्रू बनतात, वर आम्ही गोष्टी बनवतो. स्क्रूवाल्यांचा माल परत येण्याचं प्रमाण आमच्यापेक्षा कमी आहे.

लोकांना वाटतं, चित्र टाकलं, आवाज टाकला, संगीत टाकलं, वर अक्षरंही टाकली, की चौपट समजणार. होतं उलटं. समजा, कुणी लग्नाची पत्रिका हातात दिली. तुम्ही ती वाचताय, आणि देणारा समोर उभा राहून तीच मोठ्याने वाचतोय. "आमचे येथे श्रीकृपेकरून..." तुम्ही खालच्या ओळीवर, तो वरच्या. शेवटी ना तारीख लक्षात राहते ना हॉल. पडद्यावर जे लिहिलंय तेच निवेदिकेने वाचून दाखवलं की हेच होतं. म्हणून आमचा पहिला नियम: चित्र दाखवतोय ना, मग बोला, पण बोललेलं परत लिहू नका. डोळ्यांना चित्र बघू द्या, कानांना ऐकू द्या. दोघांना एकाच दारातून ढकललंत तर दारातच चेंगराचेंगरी.

दुसरा नियम गाळण्याचा. हा पाळायला मी एका पतपेढीच्या चेअरमनकडून शिकलो. ओटीपीच्या फसवणुकीवर गोष्ट हवी होती. चेअरमन म्हणाले, सुरुवातीला कमळ उमलू द्या, मागे बासरी, मग माझा फोटो, मग माझ्या आईवडिलांचा आशीर्वाद, मग ओटीपी. मी तेव्हा या क्षेत्रात कोवळा होतो. गिऱ्हाईक म्हणेल ते केलं. गोष्ट सभासदांना फारच आवडली. नंतर विचारलं, काय लक्षात राहिलं, तर सगळ्यांना चेअरमनच्या आईचं नाव आठवत होतं. त्यातल्या दोघांनी पुढच्या महिन्यात अनोळखी माणसाला ओटीपी सांगून टाकला. कमळाला काही झालं नाही.

आणि तिसरी भानगड चित्रांच्या हक्काची. इथे सगळ्या महाराष्ट्राचा एक समज आहे, की इंटरनेटवर जे दिसतं ते सार्वजनिक. रस्त्यावर फांदी आली की पेरू आपला, तसं. तसं नसतं. फोटो काढणाऱ्याचा, चित्र काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. काही जण तो हक्क अटी घालून वापरू देतात: नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका, बदल करू नका. काही जण पैसे घेऊन देतात, तेही अटींसकट. अटी बारीक अक्षरात असतात, आणि माझा चष्मा घरी असतो.

आमचा चित्रकार गुरू. भांडुपचा, मूळचा कुडाळकडचा, हात असा की रेषा ओढली की माणूस उभा. त्याने एकदा ॲनिमियाच्या गोष्टीसाठी विकत घेतलेल्या फोटोतल्या एका गोऱ्या बाईला टिकली लावली, मंगळसूत्र घातलं, हिरव्या बांगड्या चढवल्या. बाई इतकी आपल्यातली दिसू लागली की स्मिता म्हणाली, हिला मी कुठल्यातरी हळदीकुंकवाला पाहिलंय. काही दिवसांनी फोटो विकणाऱ्यांचं पत्र आलं. मजकूर सभ्य इंग्रजीत होता, मथितार्थ असा, की आमच्या मॉडेलला आजारी दाखवायची परवानगी तुम्हाला नव्हती आणि तिचं लग्न तर आम्ही मुळीच लावून दिलं नव्हतं. गोष्ट मागे घ्यावी लागली. गुरू दिवसभर म्हणत होता, "पण शोभत होता मा तिका?"

तर असे आम्ही दोघं, मी आणि गुरू, मिळून कंपनीचा मराठी विभाग. बाकी गाळा इंग्रजीत चालतो. मराठी विभाग म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल, त्यावर दोन संगणक. आमचा साहेब निशांत माझ्या निम्म्या वयाचा असेल, अंधेरीचा, स्वभावाने चांगला. वाईट बातमीसुद्धा तो चहा मागवून देतो. त्या दिवशी त्याने चहाबरोबर खारीही मागवली, तेव्हाच मी ओळखलं.

"परब सर, बात ऐसी है, की इंग्लिश व्हर्जन बंगळुरूला बनतं. मराठी आता मशीन करून देतं, आवाजासकट. वरचे लोक विचारतायत की ह्या टेबलची गरज काय."

"मशीनचं मराठी वाचलंयस का तू?"

"सर, मी तुमचंही नाही वाचत. मला वाचता नाही येत तेवढं." तो खरं बोलत होता. "पण एक काम आलंय. घाटकोपरची संस्था आहे, घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्या बायकांना ट्रेनिंग देते. पहिली गोष्ट मराठीतच हवी म्हणतात. जमली तर पूर्ण मालिका आपल्याला देणार. मग टेबल राहतं. नाही जमली, तर सर, माझ्या हातात काही नाही."

गुरूची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. त्याने खारीचा तुकडा चहात बुडवला आणि तो बुडू दिला.

संस्थेच्या वतीने आमच्यापुढे आल्या त्या कामत सिस्टर. मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. खुर्चीत बसतानाही त्या पाठ टेकत नाहीत. विषय त्यांनी थोडक्यात सांगितला. जो माणूस स्वतःहून हलू शकत नाही, त्याला एकाच कुशीवर पडू दिलं की त्या जागेची कातडी लाल होते, मग फुटते, मग जखम हाडापर्यंत जाते. औषधाने ती बरी व्हायला महिने लागतात, आणि टाळायला फक्त वेळच्या वेळी कूस बदलावी लागते. ती बदलायची कशी, हे बायकांना शिकवायचं.

"आणि एक सांगते परब. व्हिडिओ छान झालाय, हे मला ऐकायचं नाही. आज गोष्ट दाखवायची, उद्या मी एकेकीला पलंगाशी उभी करणार. पेशंट नीट वळला तर तुमचं काम नीट. नाहीतर नमस्कार."

जाताना त्यांनी एक जाडजूड परदेशी पुस्तक दिलं. "यातली चित्रं घ्या. पुस्तक माझं आहे, विकत घेतलेलं आहे. झेरॉक्स नाही."

चित्रं अप्रतिम होती. एकेक हालचाल, हात कुठे, गुडघा कुठे. गुरूने ती सगळी गिरवली, पेशंटला पट्ट्यापट्ट्यांची लुंगी नेसवली, नर्सला साडी. मी मजकूर लिहिला. आम्ही एवढे खूश, की निशांतने आपण होऊन चहा पाजला. आणि मग, संदर्भाचा पान क्रमांक बघायला पुस्तक उघडलं तेव्हा, पहिल्या पानामागची बारीक अक्षरं दिसली. त्या दिवशी चष्मा नेमका डोळ्यांवर होता.

पुस्तक विकत घेतलं म्हणजे कागद आपला झाला. चित्रं आपली होत नाहीत. गिरवून लुंगी नेसवली तरी माणूस त्यांचाच. हे मला माहीत होतं, मी इतरांना शिकवायचो, पण मेट्रन बाईंनी 'विकत घेतलंय' म्हटल्यावर मी शाळकरी पोरासारखा मान डोलावली होती. प्रकाशकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते इतकं गोड, की नकार आहे हे कळायला दोनदा वाचावं लागलं. आहे तशी नाही, बदलून नाही, गिरवून तर नाहीच.

गुरूने सगळ्या चौकटी एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि फोल्डरला नाव दिलं 'वाट लागली'. त्याची ती रेखाटनं आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. इतकं चांगलं काम कुणी कधीच पाहणार नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

विकतचे फोटो शोधले. तिथे अंथरुणाला खिळलेले रुग्ण पांढऱ्याशुभ्र उशीवर टेकून हसत होते. सगळ्यांचे दात शाबूत. निशांत म्हणाला, "सर, एआयला सांगा ना, फुकट मिळेल." सांगितलं. मशीनने राजवाड्यासारख्या खोलीत झुंबराखाली नथ घातलेली आजी झोपवली, आणि तिला वळवणाऱ्या बाईला तीन हात दिले. गुरू म्हणाला, "तीन हात असले तर कसलं ट्रेनिंग लागतंय? मीपण वळवीन."

मग राहिला एकच मार्ग. आपलं घर, आपला पलंग, आपला फोटो. हक्काचा प्रश्नच मिटला. प्रश्न उरला, पेशंट कोण?

गुरूला विचारलं, तर त्याने आईचं नाव पुढे केलं. "माझ्या आवशीक कळला, मी आजारी म्हणान निजलंय, तर माका घरात घेवची नाय." निशांतला विचारलं, तर त्याची मम्मी त्याच्या आधी नाही म्हणाली, ती फोनवरच होती. वॉचमन देवाची शपथ घालून गेटवर परतला. चांगल्या धडधाकट माणसाने आजाऱ्याचं सोंग घ्यायचं नाही, यावर आपल्या मुंबईत सर्व जातीधर्मांचं एकमत आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं.

तेव्हा मीच. स्मिता रुग्णसेविका झाली. गुरू कॅमेऱ्यामागे. मी लुंगी नेसून आतल्या खोलीतल्या पलंगावर आडवा झालो, आणि आई दारात.

"सत्या, उठ."

"आई, फोटो काढायचेत गं. काम आहे."

"काम आसा तर उभ्यान कर. निजान कसला काम?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि ह्या प्वाट घेवन आजारी? कोण इस्वास ठेवतलो?"

स्मिता खिडकीकडे तोंड करून हसत होती. मी म्हटलं, पोट चादरीखाली जाईल. पण आईचं खरं भय पोटाचं नव्हतं. बाबा शेवटी बरेच महिने पडून होते. तिने एवढंच म्हटलं, आणि स्मिता खिडकीकडून वळली. शूटिंग रद्द करावं असं मला वाटायला लागलं. मराठी टेबल गेलं तर गेलं.

गुरूने कॅमेरा बाजूला ठेवला. "काकी, गाऱ्हाणा घालूया?"

आमच्या कोकणात कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण खड्या आवाजात मागणं मागतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देतात. लग्न, नवीन घर, नवीन रिक्षा, कशालाही चालतं. पण स्थिरचित्रणाला घातलेलं गाऱ्हाणं बहुधा आमचं पहिलंच. आईने नारळ आणून ठेवला, गुरूने चपला काढल्या, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो आमचो माणूस मुलुंडात पलंगार निजलो हा."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"तो आजारी म्हणान नाय, फोटोसाठी म्हणान निजलो हा."

"व्हय म्हाराजा." आता स्मिताही. ती डोंबिवलीची, तिला हे सगळं लग्नानंतर शिकावं लागलं.

"तेका खरोखरचा काय एक होव देव नको. आणि कोणाची वाकडी नजर पडलीच, तर ती कॅमेऱ्याच्या भायर ऱ्हवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मीही म्हणालो, आडवाच. आईने माझं डोकं उत्तरेला नाही ना, याची खात्री केली, आणि ती उशांची व्यवस्था बघायला लागली. त्यानंतर सबंध दुपार तिच्याइतकी कडक दिग्दर्शिका दुसरी नव्हती.

फोटो सुरू झाले. गुरू परदेशी पुस्तकावरून लिहिलेला आमचा मजकूर वाचत होता, स्मिता तसं करत होती. "रुग्णास डाव्या कुशीवर वळवावे." वळवलं. "आता पलंगाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन उभे राहावे."

स्मिता जागची हलली नाही.

"अगो वैनी, दुसऱ्या बाजूक."

"कुठे जाऊ? भिंतीत?"

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. पलंग भिंतीला लागून होता. आमच्या लग्नापासून तो भिंतीला लागूनच आहे. मी इतकी वर्षं भिंतीच्या बाजूला झोपतो, कारण स्मिताला आधी उठावं लागतं. त्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. आणि तरीही सबंध गोष्ट लिहिताना, चित्रं गिरवताना, मला एकदाही वाटलं नाही की पलंगाला दुसरी बाजू नसते.

गुरूने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "आमच्याकडे भिंतीक. मावशीकडे भिंतीक. सासऱ्याकडे भिंतीक, वर फ्रीजपण." पेशंटचं घर म्हणजे वन रूम किचन, नाहीतर चाळीतली खोली. तिथे पलंगाच्या दोन्ही अंगांना जागा सोडली तर माणसांनी राहायचं कुठे? त्या पुस्तकात, विकतच्या फोटोंत, मशीनच्या राजवाड्यात, सगळीकडे पलंग खोलीच्या मधोमध होता. आम्ही गिरवत होतो ते नुसतं चित्र नव्हतं, कुणा दुसऱ्याची खोलीच आम्ही उचलून आणली होती. प्रकाशकाने नाही म्हटलं म्हणून बरं. हो म्हणाला असता तर आम्ही चुकीची गोष्ट मोठ्या दिमाखात पाठवली असती.

कामत सिस्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पत्ता पाठवा. येते."

आल्या त्या पदर खोचूनच. माझ्या अंगाखाली, खांद्यापासून मांड्यांपर्यंत, दुमडलेली चादर सरकवली. "भिंत असली की पेशंटला ओढायचं नाही, चादरीला ओढायचं. कातडी घासली की संपलं." चादरीची टोकं धरून त्यांनी मला सबंधच्या सबंध आपल्याकडे घेतलं, मांडीने कडेला अडवलं, मग पलीकडच्या कुशीवर वळवलं, भिंत आणि गुडघे यांच्यात एक उशी, पाठीशी दुसरी. माझं वजन मी इथे लिहीत नाही. त्यांना धाप लागली नाही.

"इस्पितळात दोन्ही बाजू मोकळ्या मिळाल्या हो मला," त्या स्मिताला म्हणाल्या. "घरी सासऱ्यांना मी असंच वळवत होते. पण शिकवताना मात्र इस्पितळच डोक्यात यायचं." मग त्यांनी चादर स्मिताच्या हातात दिली आणि तिच्याकडून सगळं पुन्हा करून घेतलं. गुरूने दर हालचालीचा फोटो काढला. आईने मध्येच सिस्टरांना विचारून माझ्या डोक्याखालची उशी बदलली.

मग मी मजकूर फाडला आणि नव्याने लिहिला. 'रुग्णास वळवावे' गेलं. त्याऐवजी स्मिताच्या आवाजात, ती भाजीवाल्याशी बोलते त्याच आवाजात: "हात लावायच्या आधी सांगा. काका, तुम्हाला माझ्याकडे घेते हं." पुस्तकी आज्ञा डोक्यावरून जाते, कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटलं की माणूस ऐकतो. 'इथे धरा' हे दोन शब्द चित्राच्या खाली नाही, नेमके चादरीच्या टोकाशीच ठेवले, म्हणजे डोळ्यांना येरझारा नकोत. एक हालचाल झाली की गोष्ट थांबते. बघणारीने 'पुढे' दाबलं तरच पुढे. ज्यांना वेळ लागतो त्यांनी घ्यावा.

निशांतने बघितलं. "सर, मस्तच. पण शेवटी थोडं इमोशनल म्युझिक? बासरी वगैरे?"

"नाही."

"थोडीशी?"

"निशांत, बासरी वाजली की बाई पेशंटला सोडून नदीकाठी जाते."

त्याने बासरी सोडली. फोटोंच्या परवानग्या मात्र मी रीतसर घेतल्या. स्मिताकडून तिच्या आवाजाची आणि हातांची सही, माझ्याकडून माझ्या चेहऱ्याची. स्मिताने माझा कागद वाचला. "तुमच्या चेहऱ्याचे हक्क कोण मागणार आहे?" म्हटलं, नियम म्हणजे नियम.

घाटकोपरच्या हॉलमध्ये बायकांना गोष्ट दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा. मी, गुरू, निशांत, तिघंही भिंतीशी उभे. सरावाचा रबरी पुतळा दुसऱ्या केंद्रावर गेला होता तो आलाच नाही. कामत सिस्टरांनी हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"परब, तुम्हाला अनुभव आहे. पडा."

चाकांचा लोखंडी पलंग, हॉलच्या अगदी मधोमध. मी बूट काढून आडवा झालो. गुरू हळूच म्हणाला, "गाऱ्हाणा ऱ्हवला रे." वरती पंखा फिरत होता. माझ्या नोकरीचा, गुरूच्या टेबलाचा, सगळा निकाल आता माझ्या पाठीवर लागणार होता, आणि मला स्वतःला काहीही करायची परवानगी नव्हती.

पहिली आली ती रेश्मा. विक्रोळीची, पंचविशीतली, आधी एका पॅकिंगच्या कारखान्यात होती. माणसाला हात लावायचं काम तिने कधी केलं नव्हतं. ती पलंगाशी आली. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग वाकून तिने चाकांचा खटका काढला आणि पलंग ढकलायला लागली. मी पलंगासकट हॉलच्या भिंतीकडे निघालो.

"मॅडम, बेड नाही हलवायचा," निशांत घाबरून म्हणाला.

"सर, घरी असाच असतो ना," रेश्मा म्हणाली. पलंग भिंतीला टेकला. तिने खटका परत लावला.

मला सिस्टरांच्या पावलांचा आवाज आला. गोष्टीने बाईला भिंतीशिवाय काही शिकवलंच नाही, असं तर नाही झालं?

"आणि एखाद्या घरी भिंत नसली तर?" सिस्टरांनी विचारलं.

"मग तर सोपंच आहे, मॅडम."

कुणीतरी हसलं. मग रेश्मा माझ्या कानाजवळ आली. "काका, तुम्हाला माझ्याकडे घेते हं. घाबरू नका." आवाज तिचा, पण बोलण्याची लय थेट आमच्या घरची. चादर ताणली गेल्याचं मला खांद्याखाली कळलं. तिने मला ओढलं नाही, चादरीला ओढलं. माझी पाठ कुठे घासली नाही. तिची मांडी पलंगाच्या कडेला येऊन टेकली, अगदी जिथे यायला हवी तिथे, आणि मग जग हळूच फिरलं आणि माझं नाक भिंतीला लागलं. गुडघ्यांशी उशी आली.

चादर ताणल्यापासून मी डोळे मिटून होतो. आता उघडले तर समोर फक्त चुना. मागे कागदाची सळसळ, सिस्टरांचा पेन, आणि मग त्यांचा तो न वाकणारा आवाज:

"निशांत, पुढचे सगळे भाग यांच्याकडूनच. मराठीत आधी. इंग्रजीवाल्यांनी यावरून करून घ्यावं."

"हो मॅडम. शुअर मॅडम." आणि मग, कुजबुजत, "गुरू, तुम रो रहे हो क्या?"

"नाय रे, चुन्याची धूळ."

मला वळून त्या दोघांचे चेहरे बघायचे होते. आयुष्यात इतकं कधी बघावंसं वाटलं नव्हतं. मी मान जरा उचलली, तोच रेश्माचा हात खांद्यावर आला, हलका पण पक्का.

"काका, हलायचं नाही. पाठीची उशी राहिलीय अजून."

मी हललो नाही.